आल्याला बी का न्हाई?

माझं आजोळ कोरेगावच्या बाजूला आणि सासुरवाडी सांगली. त्यामुळे पुणे-सातारा-सांगली हा रस्ता आमच्या नशिबात कायमचा लिहिलेला आहे. लग्नाआधी एसटीने अर्ध्यापर्यंत, लग्नानंतर गाडीने शेवटपर्यंत, एवढाच फरक. एका घरून निघताना डिकीत आल्याची पिशवी पडते, दुसऱ्या घरून हळदीची. ही दोन्ही पिकं एकाच कुळातली, सख्खी नसली तरी चुलत बहिणी, हे मला अगदी परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. आपण ती मार्टातून पाकिटात आणतो, कशाला माहीत असेल म्हणा!

तर झालं असं, की श्रावणात मामांकडे गेलो होतो. मामा नेहमीसारखे ओसरीवर नव्हते, रानात होते. आल्याचा प्लॉट लांबूनच पिवळा दिसत होता. मामांनी एक कोंब धरून हलकेच ओढला, तो अलगद हातात आला. खालचा कंद मऊ पडलेला आणि त्याला एक कुबट वास. कंदकूज. साताऱ्याच्या आलंवाल्या कुठल्याही घरात हा शब्द उच्चारला की माणसं गप्प होतात.

"बेणं बाहेरनं आणलं हुतं," मामा म्हणाले. "दिसाया झकास. पर रोग बेण्यातनंच आला बघ." मग बांधावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "तू एवढा शिकलाईस, मला एक सांग. जुंधळ्याला बी हाय, भुईमुगाला बी हाय. मग आल्याला बी का न्हाई?"

सांगतो म्हणालो. आणि पुढचे तीन-चार वीकेंड त्यातच गेले. हे त्याचंच फलित.

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. बी असलेल्या पिकाचं सगळं अर्थकारणच वेगळं असतं. बी कोरडं, हलकं, खिशात मावतं, वर्षभर टिकतं. जमिनीतले बरेचसे रोग बियांमधून पुढे जात नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी तयार होताना आई आणि बापाचे गुण नव्याने पिसले जातात, पत्त्यांसारखे. त्यातूनच एखादं रोगाला दाद न देणारं रोप निघण्याची शक्यता असते. आल्याचं तसं नाही. मागच्या वर्षीच्या कंदाचे तुकडे करून ह्या वर्षी लावायचे. हेक्टरी साधारण पंचवीस क्विंटल बेणं लागतं, म्हणजे एका हेक्टराला अडीच टन माल परत मातीत घालायचा! आमच्या भाषेत सांगायचं तर हे शुद्ध कॉपी-पेस्ट आहे. कोरेगावात आज जे 'माहीम' आलं लावलं जातं ते कुठल्याशा जुन्या झाडाचं खापरपणतू नाही, ते तेच झाड आहे. फक्त त्याची जागा बदलत राहिली. आणि कॉपी करताना फाईलबरोबर व्हायरसही कॉपी होतो, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

मामांना उत्तर द्यायचं म्हणजे आधी हळदीकडे जावं लागतं, कारण तिचं उत्तर सोपं आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. माणसात ४६, म्हणजे २३ च्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. ह्याला द्विगुणित म्हणतात. वनस्पती मात्र ह्या बाबतीत फारच मोकळ्या मनाच्या. दोनच प्रती ठेवायच्या असा त्यांचा हट्ट नसतो. तीन, चार, सहा, आठ, जशी सोय होईल तशा. हीच बहुगुणितता, इंग्रजीत पॉलिप्लॉइडी. एकदा हे कळलं की पुणे-सांगली रस्ता वेगळाच दिसायला लागतो. सुरूरच्या फाट्यावरून वाईकडे वळलात की पुढे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, ती आठगुणित, ५६ गुणसूत्रं. घरात पोळी होते तो गहू सहागुणित, ४२. हल्ली पुण्यातल्या मंडळींनी डोक्यावर घेतलेला, पण सांगली-साताऱ्याकडे पूर्वापार पिकणारा खपली गहू चौगुणित, २८. मामांचा भुईमूग चौगुणित, ४०. कराड सोडलं की दोन्ही बाजूंना जो ऊस लागतो त्याचा तर हिशोबच नको. शंभराच्या वर, कुठे कुठे एकशेतीसपर्यंत. आणि गाडीत खायला घेतलेलं केळं तीनगुणित, ३३.

आता ह्यात गंमत बघा. चार, सहा, आठ प्रती असलेल्या पिकांना बी येतं. तीन प्रतींच्या केळ्याला येत नाही. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि मग जोडीतलं एक इकडे, एक तिकडे असं वाटप होतं. तिघांची जोडी कशी लावणार? तिसरा कुठल्या तरी बाजूला भरकटतो, हिशोब चुकतो, आणि बहुतेक बीजपेशी निकामी निघतात.

हळदीत ६३ गुणसूत्रं आहेत. २१ गुणिले ३. (मूळ संच ७ चा धरला तर नवाचा पाढा होतो, पण तो वाद तज्ज्ञांना लखलाभ.) के. रामचंद्रन यांनी १९६१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ह्या कुळातल्या गुणसूत्रांचे आकडे दिले होते. तिच्याच बहिणीत, आपल्या लोणच्यातल्या आंबेहळदीत, ४२ असतात. म्हणजे दोनच प्रती. कधीकाळी दोन वेगवेगळ्या प्रतिसंख्येच्या हळदींचा संकर झाला असावा आणि त्यातून ही तीन प्रतींची, वांझ पण भरघोस कंदाची हळद जन्मली असावी, असं मानलं जातं. कुणा शेतकऱ्याने ती उचलून लावली. पुढचं सगळं कॉपी-पेस्ट. तुमच्या लग्नात तुम्हाला लागलेली हळद आणि तुमच्या पणजीला लागलेली हळद बहुधा एकाच झाडाची आहे, हे माझ्या बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, आपल्या घरात काहीतरी टिकलंय."

थोडं अवांतर. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले, तोंडाला अरुंद आणि आत पोटाला मोठे असे खड्डे. आत हळद भरून तोंड बंद केलं की हवा संपते, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कारण माणूसही जगत नाही. २००५ च्या महापुरात ह्या पेवांचं फार नुकसान झालं आणि नंतर गोदामं आणि शीतगृहांकडे माल गेला. सासरे अजून त्याबद्दल हळहळतात. पण माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. पेवात जाते ती शिजवलेली, वाळवलेली हळकुंडं. बाजाराची हळद टिकवायची सोय ह्या मातीने केली, पण बेण्याची नाही. बेण्याचे जेठे गड्डे झाडाखाली सावलीत पाल्याने झाकून ठेवायचे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावायचे, दर वर्षी. एक वर्ष चुकलं की वाण गेला. ज्याचा बॅकअप ठेवता येत नाही अशी ही सिस्टिम, आणि ती शेकडो वर्षं विनाखंड चालू आहे. आमच्या डेटा सेंटरवाल्यांनी साष्टांग नमस्कार घालावा.

हळदीचं उत्तर मिळालं. आल्याचं मात्र घोडं अडलं, कारण आल्यात २२ च गुणसूत्रं आहेत. ११ च्या दोन प्रती, सरळ द्विगुणित. मग बी यायला हरकत काय? इथे एकच एक कारण नाही. गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, पराग बहुतेक निकामी असतात, आणि जे चालतात ते स्वतःच्याच फुलावर रुजत नाहीत. हजारो वर्षं माणूस कंद तोडून लावतोय, तर बी करायची गरज कुणाला? न वापरलेला कोड जसा सडत जातो, तसं काहीसं झालं असावं. (हे माझं मत. जीवशास्त्रज्ञ कपाळाला हात लावतील.)

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. प्रती बिघडल्या असतील तर आपणच त्या दुप्पट करून बघाव्यात का? दुप्पट केल्या की प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचीच हुबेहूब जोडीदारीण मिळते आणि जोड्या लागायचा प्रश्न सुटू शकतो. गणित एवढं साधं आहे. प्रश्न करायचं कसं हा होता, आणि त्याचं उत्तर निघालं एका विषात.

१९३७ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट ब्लेकस्ली आणि एमॉस एव्हरी यांनी कोल्चिसिन ह्या द्रव्याने वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ब्लेकस्लींचं आवडतं झाड होतं धोतरा! कोल्चिसिन हे गाऊट, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकारावरचं जुनं औषध, युरोपातल्या एका केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडाच्या कंदातून निघणारं. आणि हेच द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात साताऱ्याच्या डोंगरउतारांवर, कुंपणाच्या काट्यांवर चढलेली लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं तुम्ही पाहिली असतील. तिचा कंद विषारी, खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. बाळंतपणाच्या कळा लावायला वापरत म्हणून नाव कळलावी. म्हणजे मामांच्या बांधावरच्या वेलीत तो पदार्थ बसला होता, ज्याने खालच्या आल्याचा हिशोब बदलू शकतो. (म्हणून कुणी कळलावी वाटून आल्यावर ओतू नये. मामांनाही हे बजावून सांगितलं आहे.)

कोल्चिसिन करतं काय? पेशी विभागण्याआधी गुणसूत्रांची प्रत काढली जाते. मग पेशीत बारीक धागे तयार होतात आणि ते एकेक संच दोन टोकांना ओढतात. कोल्चिसिन हे धागेच होऊ देत नाही. फाईलची कॉपी झाली, पण दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायच्या क्षणी सर्व्हर लटकला. दोन्ही प्रती एकाच पेशीत राहिल्या. विषाचा अंमल उतरल्यावर ती पेशी पुन्हा कामाला लागते, आता दुप्पट सामानासह. ह्याच युक्तीवर जपानच्या हितोशी किहारा यांनी चौगुणित आणि दुगुणित कलिंगडाचा संकर करून बिनबियांचं तीनगुणित कलिंगड तयार केलं. निसर्गाने हळदीवर बहुधा जे केलं, तेच माणसाने कलिंगडावर केलं.

पण शेतातल्या रोपावर हे करायला गेलं की घोळ होतो. कोंबाच्या टोकाशी असंख्य पेशी असतात. काही दुप्पट होतात, काही तशाच राहतात, आणि एकाच झाडात दोन्हींची खिचडी होते. कंदाच्या पिकात तर आणखीच वाईट, कारण कंदाच्या कुठल्या डोळ्यात कुठल्या पेशी गेल्या ते दिसत नाही. तीन वर्षांनी साध्या पेशी जिंकतात आणि तुमचं चौगुणित आलं गुपचूप पुन्हा द्विगुणित होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हेच.

इथे टिश्यू कल्चर येतं. बाटलीत, जंतुविरहित पोषक द्रव्यावर, इवल्याशा कोंबापासून रोपं वाढवायची. ह्या पोषक द्रव्याचा जगभर चालणारा फॉर्म्युला १९६२ मध्ये तोशियो मुराशिगे आणि फोक स्कूग यांनी दिला, आणि त्याच मुराशिगेंनी १९६६ मध्ये नाकानो यांच्याबरोबर तंबाखूवर काम करून बहुगुणित रोपं मिळवायला टिश्यू कल्चर कामाला येईल असं मांडलं. १९७० मध्ये हवाईत हाइन्झ आणि मी (हे आडनाव आहे, मी नव्हे) यांनी उसाच्या सुट्या पेशींवर कोल्चिसिन वापरून बहुगुणित ऊस मिळवला. शंभर गुणसूत्रांच्या उसाला आणखी गुणसूत्रं कशाला, असं मला वाटलं, पण प्रयोगशाळेच्या दृष्टीने पाऊल मोठं होतं. एका पेशीपासून रोप उभं राहिलं तर खिचडीचा प्रश्नच मिटतो.

भारतही मागे नव्हता. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी परागकोश बाटलीत वाढवून उलटाच चमत्कार केला, एकाच प्रतीची रोपं मिळवली. झाड पुन्हा धोतराच! आणि आपल्या पुण्यात, पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, १९७८ मध्ये रजनी नाडगौडा, मस्करेन्हास, हेंद्रे आणि जगन्नाथन यांनी टिश्यू कल्चरने हळदीची झपाट्याने वाढ कशी करायची ते प्रसिद्ध केलं. रसायनांच्या प्रयोगशाळेत हळद! मी कॉलेजला असताना त्या गेटावरून रोज जायचो आणि मला वाटायचं आत नुसता धूर आणि नळ्या असणार. ह्याच लोकांनी १९९० मध्ये बाटलीतल्या बांबूला फुलं आणून 'नेचर'मध्ये जगाला थक्क केलं, पण तो वेगळा लेख होईल.

तर बाटलीतल्या आल्याच्या कोंबांना कोल्चिसिन द्यायचं, काही तास किंवा काही दिवस. बरेच मरतात. जगतात त्यांना पुन्हा पुन्हा नव्या बाटलीत तोडून लावायचं, म्हणजे खिचडीतले तांदूळ आणि डाळ वेगळे होत जातात. मग पानाच्या खालची रंध्रं मोजायची, ती चौगुणितात मोठी असतात. शेवटी मुळाच्या टोकाची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चिरडून गुणसूत्रं मोजायची. ४४ भरली की पेढे. हल्ली बऱ्याच ठिकाणी कोल्चिसिनऐवजी ओरायझॅलिन हे तणनाशक वापरतात. ते वनस्पतींच्या धाग्यांना जास्त घट्ट पकडतं आणि माणसाला कमी त्रासदायक आहे.

जमलं का? जमलं. जपानमध्ये अदानिया आणि शिराई यांनी २००१ मध्ये बाटलीतून चौगुणित आलं काढलं आणि त्याचे पराग साध्या आल्यापेक्षा जास्त जिवंत निघाले. म्हणजे गणित बरोबर होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ह्याच पद्धतीच्या चौगुणित आल्याबद्दल लिहिलं. कंद मोठे, धागा कमी, पाकात घालून आल्याच्या वड्या करायला उत्तम. 'बुडेरिम गोल्ड' नावाने ते लागवडीत गेलं. पाढा पाठ करून घेतलेलं, कागदावरचं गणित खरोखर शेतात उभं राहिलेलं आलं!

इथपर्यंत आल्यावर मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. मग उत्साह ओसरला, कारण मामांची अडचण पाकातल्या वड्यांची नव्हती. ती कंदकुजीची होती. गुणसूत्रं दुप्पट केली म्हणजे नवा गुण येत नाही, असलेलेच दुप्पट होतात. ज्या झाडात रोगाशी लढायचा गुण नाही, त्याच्या चार प्रती काढल्या तरी चारही तशाच. दुप्पट करण्याचा खरा उपयोग दार किलकिलं करण्याचा. पराग जिवंत झाले तर कधीतरी संकर, संकरातून बी, बियांतून निवड. ते दार अजून पुरतं उघडलेलं नाही. हळदीला दुप्पट करून १२६ केल्या तर जोड्या लागाव्यात, निदान कागदावर. पण कागद आणि रान ह्यात एक कृष्णा वाहते.

आणि मला प्रामाणिकपणे असं वाटतं की ह्या कथेतले खरे नायक कोल्चिसिनवाले नाहीत. सांगलीच्या अलीकडे कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं हळद संशोधनाचं ठाणं आहे. तिथून 'कृष्णा' आणि 'फुले स्वरूपा' हे वाण आले, निवड पद्धतीने. म्हणजे हजारो सारख्या दिसणाऱ्या झाडांत जरा वेगळं, जरा सरस दिसलेलं झाड हेरायचं, त्याचे गड्डे बाजूला ठेवायचे, वर्षानुवर्षं पाहत राहायचं. ना विष, ना बाटली. कालिकतच्या मसाला पीक संशोधन संस्थेने तर वांझ म्हटल्या जाणाऱ्या हळदीलाही क्वचित येणारं बी जपून रुजवलं आणि त्यातून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' काढल्या. तीन प्रतींचा हिशोब लाखात कधीतरी जमून जातो, आणि तिथे कुणीतरी नजर ठेवून बसलेला लागतो.

टिश्यू कल्चर मामांच्या कामाचं आहे ते दुसऱ्याच कारणाने. गुणसूत्रं वाढवायला नाही, रोग उतरवायला. कोंबाच्या टोकापासून नीट तपासून काढलेलं रोप मातीतली घाण घेऊन येत नाही. फक्त दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. पहिल्या वर्षी बाटलीतल्या रोपाला कंद बारीक येतात, चांगलं बेणं मिळायला आणखी एखादा हंगाम द्यावा लागतो. आणि रोग आधीच मातीत असेल तर निर्मळ रोपही त्याच मातीत कुजतं.

मागच्या रविवारी मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. कलिंगड, धोतरा, जपान, ऑस्ट्रेलिया. ते शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "म्हंजी त्ये बेणं न्हाई, एकच म्हातारं हाय. आपणच त्याला हिकडनं तिकडं उचलून ठेवतुय." मग सांगितलं, की ह्या वेळी त्यांनी बाहेरचं बेणं घेतलं नाही. वरच्या अंगाच्या चार गुंठ्यांत, जिथे पाणी साचत नाही, तिथले धडधाकट गड्डे वेचून वेगळे ठेवलेत. खालच्या रानात दोन वर्षं आलं नाही, आधी ज्वारी, मग भुईमूग.

"बरं," फोन ठेवता ठेवता म्हणाले, "मग लसणाला बी का न्हाई?"

लसणात १६ आहेत. आठच्या दोन प्रती. बघतो म्हणालोय.